समाजमाध्यमे आणि शालेय शिक्षण : प्रसारणाकडून संवादाकडे

शिक्षणासाठी संपर्कमाध्यमांचा वापर ही आपल्या देशाला नवी गोष्ट नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहामार्फत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. शेती, आरोग्य आणि शालेय शिक्षण हे त्यांतील प्रमुख विषय होते. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणाचे कार्यक्रम दूरदर्शनवरून सुरू केले. जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदर्शन’ ही वाहिनी सुरू झाली आणि २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एड्युसॅट’ हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला.

या सर्व प्रयत्नांत एक समान धागा दिसतो. केंद्रस्थानी तयार झालेला पाठ दूरच्या शाळेपर्यंत पोहोचत असे. परंतु त्या शाळेतील मुलाची शंका परतीच्या वाटेने क्वचितच येत असे. एड्युसॅटमुळे दुतर्फा संवादाची सोय झाली खरी, पण ती निवडक केंद्रांपुरतीच राहिली. समाजमाध्यमांनी ही मर्यादा तांत्रिकदृष्ट्या दूर केली आहे. ज्याच्या हातात फोन आहे तो जसा संदेश घेऊ शकतो, तसाच पाठवूही शकतो. प्रश्न एवढाच आहे की, परतीची ही वाट शिक्षणव्यवस्थेने खरोखर वापरली आहे काय? गेल्या काही वर्षांतील अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

समाजमाध्यमांचे दोन प्रकार

‘समाजमाध्यमे’ या एकाच शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिला प्रकार परिचितांच्या मर्यादित गटांचा. व्हॉट्सअॅपवरील वर्गाचा किंवा पालकांचा गट हे त्याचे उदाहरण होय. दुसरा प्रकार खुल्या व्यासपीठांचा. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब ही व्यासपीठे या प्रकारात मोडतात. तेथे मजकूर कोणालाही पाहता येतो आणि कोणाला काय दिसावे हे बऱ्याच अंशी कंपनीची संगणकप्रणाली ठरविते.

शैक्षणिक धोरणाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी लागू केली. त्या वेळी फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक व यूट्यूब यांचा समावेश बंदीत करण्यात आला. व्हॉट्सअॅप आणि गूगल क्लासरूम मात्र वगळण्यात आले. सर्व माध्यमांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही, हे यावरून ध्यानात येते. वर्गाचा गट चालविणे आणि विद्यार्थ्याला खुल्या व्यासपीठावर नेऊन सोडणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत.

टाळेबंदीच्या काळातील अनुभव

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि समाजमाध्यमे एकाएकी शिक्षणाचे मुख्य साधन बनली. महाराष्ट्रात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० पासून ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही दैनिक अभ्यासमाला शिक्षक व पालकांच्या गटांवरून पाठविण्यास आरंभ केला. त्याच सुमारास हिमाचल प्रदेशात ‘हर घर पाठशाला’, मध्य प्रदेशात ‘डिजिलेप’ आणि झारखंडमध्ये ‘डिजिसाथ’ हे उपक्रम सुरू झाले. राज्यस्तरावर निवडलेला अभ्यास जिल्हा, तालुका आणि शाळा अशा पायऱ्यांनी पालकांच्या फोनपर्यंत पोहोचविणे ही या सर्वांची सर्वसाधारण रचना होती. नवीन यंत्रणा उभारण्यास वेळ नव्हता. लोकांच्या हाती आधीपासून असलेले साधन वापरणे हाच व्यवहार्य मार्ग होता.

हा मार्ग किती दूर गेला? ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक सर्वेक्षणाने सप्टेंबर २०२० मध्ये दूरध्वनीवरून माहिती घेतली. ज्या घरांतील मुले शाळेत दाखल आहेत, त्यांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. ही वाढ लक्षणीय होती. तथापि, पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून कोणतेही अभ्याससाहित्य मिळाले अशी मुले केवळ ३५.६ टक्के, म्हणजे तिघांपैकी जेमतेम एक होती. ज्यांना साहित्य मिळाले, त्यांच्या बाबतीत व्हॉट्सअॅप हेच सर्वांत मोठे माध्यम होते. घरात फोन येणे आणि मुलापर्यंत अभ्यास येणे यांत मोठे अंतर राहिले, असा याचा अर्थ होतो.

छत्तीसगडचा अनुभव या दृष्टीने विशेष बोलका आहे. या राज्याने एप्रिल २०२० मध्ये ‘पढई तुंहर दुआर’ हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ सुरू केले. अनेक वस्त्यांत नेटवर्क व स्मार्टफोन नाहीत हे स्पष्ट होताच त्याला ‘पढई तुंहर पारा’ या उपक्रमाची जोड देण्यात आली. त्यात शिक्षक आणि स्वयंसेवक वस्तीतच, सुरक्षित अंतर राखून, मुलांना शिकवीत. जेथे इंटरनेट पोहोचत नव्हते तेथे ‘बुल्टू के बोल’ या नावाने ध्वनिमुद्रित पाठ ब्लूटूथच्या साहाय्याने एका साध्या फोनवरून दुसऱ्या फोनवर देण्यात आले. साधन परिस्थितीला जुळवून घेते, तेव्हाच ते उपयोगी पडते. परिस्थितीने साधनाला जुळवून घ्यावे ही अपेक्षा गरीब कुटुंबांवर अन्याय करणारी ठरते.

प्रतिसाद हीच खरी कसोटी

पाठ पाठविणे म्हणजे शिकविणे नव्हे. शिकविण्याची क्रिया मुलाने काहीतरी करून दाखविले आणि त्यावर शिक्षकाने प्रतिक्रिया दिली म्हणजे पूर्ण होते. समाजमाध्यमांवरील बहुसंख्य शालेय गटांत पहिला भाग घडतो, दुसरा राहून जातो. सकाळी एक व्हिडिओ, दुपारी एक कृतिपत्रिका, सायंकाळी पालकांचे हात जोडलेले चिन्ह! या चिन्हावरून मुलाला भागाकार समजला की नाही हे कळत नाही.

यावर उपाय शोधण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ ही योजना सुरू करण्यात आली. विद्यार्थ्याने व्हॉट्सअॅपवरील ठरावीक क्रमांकावर संदेश पाठविला की, त्याला त्याच्या इयत्तेची साप्ताहिक प्रश्नमंजूषा मिळत असे. प्रश्नांची उत्तरे देताच बरोबर किती आणि चूक कोठे हे त्याला समजे. येथे मूल केवळ श्रोता राहिले नाही. त्याने दिलेल्या उत्तरातून त्याच्या अडचणीची नोंद झाली. तरीही यंत्राने दिलेला निकाल आणि शिक्षकाने केलेली विचारपूस यांत फरक राहतोच.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे आफ्रिकेतील बोट्स्वाना या देशात २०२० मध्ये झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताची उदाहरणे लघुसंदेशाने पाठविण्यात आली. दुसऱ्या गटातील कुटुंबांना तेच लघुसंदेश आणि त्याबरोबर शिक्षकाचा साप्ताहिक फोन, असा दुहेरी लाभ मिळाला. फोन करणारा शिक्षक मुलाशी व पालकाशी बोलून उदाहरण समजावून देई. केवळ लघुसंदेशांचा मुलांच्या गणितावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. संदेशाबरोबर फोन झाला तेथे प्रगती स्पष्ट दिसली. २०२२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे भारतासह पाच देशांत अशाच पद्धतीचे प्रयोग झाले आणि तेथेही शिक्षकाच्या फोनचे मोल सिद्ध झाले. स्मार्टफोनचीही गरज नसलेले साधे संभाषण, खर्चिक चित्रफितीपेक्षा अधिक फलदायी ठरू शकते, हा त्यातील धडा आहे.

शिक्षकांचे परस्परशिक्षण

समाजमाध्यमांचा सर्वांत निर्विवाद लाभ कदाचित विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांना झाला आहे. एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेत काम करणाऱ्या शिक्षकाला विषयाची चर्चा करण्यास सहकारी नसतो. वर्षातून एकदा होणारे प्रशिक्षण ही उणीव भरून काढू शकत नाही.

कर्नाटकात २०११ पासून गणित, विज्ञान व समाजशास्त्र या विषयांच्या माध्यमिक शिक्षकांचे ‘विषय शिक्षक मंच’ उभे राहिले. शासनाची प्रशिक्षण यंत्रणा आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी मिळून प्रशिक्षणात शिक्षकांना संगणक व ई-मेलचा वापर शिकविला आणि नंतर त्यांचे राज्यव्यापी गट तयार केले. हजारो शिक्षक या गटांतून अवघड प्रश्नांची चर्चा करू लागले. यातूनच कन्नड व इंग्रजीतील मुक्त शैक्षणिक साहित्याचा सामायिक संग्रह आकारास आला. साहित्य कोणी वरून दिले नाही, शिक्षकांनी ते मिळून तयार केले, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे ही कल्पना राज्याच्या आणि देशाच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली. डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यासपीठावरील साहित्यही पुस्तकातील अशाच कोडच्या साहाय्याने उघडते. खेड्यातील एका शिक्षकाचा प्रयोग इतरांच्या उपयोगी पडू शकतो, परंतु त्यासाठी शिक्षकांच्या गटांत आदेश आणि माहितीच्या तक्त्यांखेरीज अध्यापनाच्या चर्चेलाही जागा हवी. आज अनेक शिक्षकगट प्रशासकीय सूचनांनी भरून जातात. माहिती मागविण्याचा गट आणि अध्यापनाचा गट वेगळे ठेवणे ही साधी सुधारणाही बरेच काही साधू शकेल.

फोन घरात आहे, पण कोणाच्या हातात?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. शहरी भागात हे प्रमाण ४२ टक्के, तर ग्रामीण भागात १४.९ टक्के होते. त्यानंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. ‘असर २०२४’ नुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील सुमारे ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. शाळांची स्थितीही सुधारत आहे. २०२३-२४ मध्ये ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. २०२४-२५ मध्ये हे प्रमाण ६३.५ टक्क्यांवर गेले.

परंतु सरासरीच्या आकड्यांआड घरातील विषमता दडून राहते. ‘असर २०२१’ मध्ये असे आढळले की, घरात स्मार्टफोन असूनही सुमारे २६ टक्के मुलांना तो वापरावयास मिळत नाही. फोन वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परततो. दोन-तीन भावंडे असली तर वरच्या इयत्तेतील मुलाची पाळी आधी येते. मुलींच्या बाबतीत अडचण अधिक आहे. २०२४ च्या पाहणीत स्मार्टफोन वापरू शकणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील ३६.२ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण २६.९ टक्के होते. ‘आज रात्री आठपर्यंत उत्तर पाठवा’ असा एखादा निरुपद्रवी वाटणारा संदेश प्रत्यक्षात फोनवर अधिकार असलेल्या मुलासाठीच असतो. ज्या मुलीचा फोन भावाच्या खिशात आहे, ती त्या संदेशापुरती वर्गाबाहेर जाते. अनुपस्थितीच्या पटावर तिची नोंदही होत नाही.

सुरक्षितता, खासगीपणा आणि कायदा

याच पाहणीतील आणखी एक बाब विचार करावयास लावणारी आहे. १४ ते १६ वयोगटातील ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात स्मार्टफोनचा उपयोग एखाद्या शैक्षणिक कामासाठी केला होता. समाजमाध्यमांसाठी तो वापरणारी मुले सुमारे ७६ टक्के होती. शाळेने समाजमाध्यमांना दूर ठेवले तरी मुले त्यांच्यापासून दूर राहत नाहीत. समाजमाध्यमे वापरणाऱ्या या मुलांपैकी त्रासदायक खाते रोखणे वा त्याची तक्रार करणे ६२ टक्के मुलांना, तर आपले खाते खासगी करणे ५५.२ टक्के मुलांनाच माहीत होते. म्हणजे जवळजवळ निम्मी मुले कुलूप न लावता घर उघडे ठेवून वावरत आहेत.

वर्गाच्या गटातही धोके आहेत. नेहमीच्या गटात प्रत्येक सदस्याचा फोन क्रमांक इतर सर्वांना दिसतो. मुलींच्या आणि मातांच्या क्रमांकांचा गैरवापर होऊ शकतो. गुणपत्रके, थकीत शुल्काच्या याद्या किंवा मुलांची छायाचित्रे गटावर टाकली की, ती पुढे कोठे जातील यावर कोणाचेच नियंत्रण राहत नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती ही बालक होय. तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. बालकांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला आहे. शैक्षणिक संस्थांना अध्यापन आणि मुलांची सुरक्षितता यांपुरती मर्यादित सवलत आहे. मात्र सवलत म्हणजे मोकळीक नव्हे, याचे भान शाळांनी ठेवणे अगत्याचे आहे. सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि संकटातील बालकांसाठी १०९८ हे साहाय्य क्रमांक शाळेच्या फलकावर कायम लिहिलेले असावेत.

खऱ्या-खोट्याची पारख

समाजमाध्यमे हे शिकण्याचे साधन आहे, तसाच तो शिकण्याचा विषयही आहे. २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाच्या मोहिमेच्या वेळी व्हॉट्सअॅपवरील अफवांमुळे केरळमधील अनेक पालकांनी मुलांना लस देण्यास विरोध केला. हा अनुभव लक्षात घेऊन कन्नूर जिल्हा प्रशासनाने २०१८ मध्ये सुमारे दीडशे शासकीय शाळांत ‘सत्यमेव जयते’ हा उपक्रम राबविला. संदेश कोठून आला, तो कोणी लिहिला, त्याला आधार काय, हे प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावणे हा त्याचा हेतू होता. असा पाठ शिकलेले मूल घरी जाऊन वडीलधाऱ्यांनाही सावध करते. भाषा आणि समाजशास्त्राच्या तासाला महिन्यातून एक व्हायरल संदेश तपासण्यास देणे कोणत्याही शाळेला शक्य आहे. त्यासाठी फोनचीही गरज नाही. संदेश फळ्यावर लिहिला तरी पुरे.

शाळेच्या पातळीवर काय करता येईल?

वरील अनुभवांतून काही व्यवहार्य सूत्रे निघतात.

पहिले, वर्षाच्या आरंभी प्रत्येक मुलाची नोंद घ्यावी : घरात फोन कोणाचा, तो मुलाच्या हाती केव्हा येतो, नेटवर्क मिळते काय. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी छापील कृतिपत्रिका, मित्रगट किंवा गृहभेट यांपैकी पर्याय आधी ठरवावा आणि मगच गट सुरू करावा.

दुसरे, गटाची वेळ, उद्देश आणि नियम पालकसभेत ठरवून घ्यावेत. उत्तरासाठी काही तासांऐवजी दोन-तीन दिवसांची मुदत द्यावी. प्रत्येक गटात मुख्याध्यापक किंवा दुसरा शिक्षक सदस्य असावा. क्रमांक उघड होऊ नयेत यासाठी सूचना देण्यापुरती ब्रॉडकास्ट लिस्ट वापरता येते.

तिसरे, कमी पाठवावे, अधिक ऐकावे. दहा चित्रफिती पाठविण्यापेक्षा एक प्रश्न विचारून आलेल्या उत्तरांपैकी पाच उत्तरांवर वर्गात चर्चा करणे श्रेयस्कर होय. लिहिता न येणाऱ्या पालकांसाठी आणि बोलीभाषेत विचार करणाऱ्या मुलांसाठी ध्वनिसंदेश हे फार सोयीचे साधन आहे. जी मुले मागे पडतात त्यांना आठवड्यातून एक फोन करावा.

चौथे, समाजमाध्यमांनी शाळेची भिंत ओलांडावी. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या उपक्रमात महाराष्ट्र आणि ओडिशा यांची जोडी आहे. दोन्ही राज्यांतील एकेका शाळेने पावसाळ्याचे चार महिने आपल्या गावच्या पावसाची रोजची नोंद परस्परांना कळविली, तर भूगोल, गणित आणि दुसऱ्या राज्याच्या भाषेची ओळख ही तिन्ही एकत्र साधतील.

पाचवे, यासाठी लागणारा शिक्षकाचा वेळ हा कामाचाच वेळ मानावा. रात्री दहानंतर येणाऱ्या संदेशांना उत्तर देणे हे शिक्षकाचे कर्तव्य नव्हे. दमलेल्या शिक्षकाकडून संवादाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये तंत्रज्ञानाच्या वापराबरोबरच समान संधीवर भर देण्यात आला आहे. या दोन उद्दिष्टांची सांगड घालणे हे खरे आव्हान आहे. साइटच्या काळात खेड्यातील एका दूरचित्रवाणी संचासमोर सारा गाव बसत असे. संच एकच होता, पण तो सर्वांचा होता. आज संच घरोघरी आहेत, परंतु घरातील प्रत्येक मुलाचा त्यावर सारखा हक्क नाही. समाजमाध्यमांच्या शैक्षणिक यशाचे मोजमाप किती संदेश पाठविले यावरून होऊ नये; किती मुलांकडून उत्तर आले, उत्तर न आलेली मुले कोण आणि त्यांच्या दारापर्यंत शाळा पोहोचली काय, यावरून ते व्हावे. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या शाळेकडे असतील, त्या शाळेत साधा फोनही शिक्षणाचे प्रभावी साधन ठरेल.